तुकोबांचा अर्धा हिस्सा

(वसंत व्याख्यानमालेत झालेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवलं आहे. बोलण्याचा ओघ शक्य तिथं तसाच ठेवला आहे.)



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ‘संकटात तक्रार करू नये, देवाचे आभार मानावेत, अशा काहीतरी विषयावर बोला. लोकांना सध्या सकारात्मक हवंय.’ मी म्हटलं, माझी नोकरी बँकेच्या वसुली आणि तपासणी खात्यात झाली. सकारात्मक माणसांची मला जरा धास्तीच आहे. (हशा) हसू नका. वसुलीला गेल्यावर जो शिव्या घालतो, आदळआपट करतो, तो बहुतेक वेळा पैसे भरतो. आणि जो दारात हात जोडून ‘सगळी पांडुरंगाची कृपा आहे साहेब, आत या’ म्हणत चहा पाजतो, त्याची फाइल मी निवृत्त झालो तेव्हाही उघडीच होती. (मोठा हशा)

त्यामुळे मला एक खोड लागली आहे, ती आधीच सांगून टाकतो. कुणी देवाचे आभार मानायला लागला की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, वहीकडे बघतो. आभार वहीत दिसतात का? कुणाच्या नावे काय होतं आणि आभार मानल्यावर त्यातलं काय कमी झालं? आज मी कुठूनही सुरुवात केली तरी गाडी याच स्टेशनात येणार आहे. ज्यांना लवकर जायचंय त्यांनी आत्ताच निघालं तरी त्यांचं काही बुडणार नाही.

विषयासाठी माणूस निवडलाय तो तुकोबा. इथं बसलेल्यांना तुकोबांचं चरित्र मी सांगायचं म्हणजे देहूत इंद्रायणी विकण्यातला प्रकार. मोरे घराणं, विश्वंभरबाबांपासून घरात आलेला विठोबा, बोल्होबा आणि कनकाई, थोरले सावजी, धाकटे कान्होबा, जन्मसाल १५९८ की १६०८ हा वाद, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पुढं जातो.

फक्त एक गोष्ट आपण सोयीनं विसरतो. तुकोबा सावकार होते. घरात बाजारपेठेची महाजनकी होती, दुकान होतं, देवघेव होती. आपल्या डोळ्यांसमोर ‘प्रभात’च्या १९३६ च्या चित्रपटातले विष्णुपंत पागनीस येतात; हातात वीणा, डोळे मिटलेले. त्या चेहऱ्याकडे बघून हा माणूस कधी व्याज लावत असेल असं वाटत नाही. पण लावत असणार. कुळं होती, कर्जाची खतं होती, त्यावर अंगठे आणि निशाण्या होत्या. आणि वडील गेल्यावर, थोरला भाऊ विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेल्यावर, हा सगळा पसारा विशीतल्या पोराच्या गळ्यात पडला.

आणि मग दुष्काळ आला.

१६२९ पासून पावसानं दगा द्यायला सुरुवात केली आणि पुढची दोन-तीन वर्षं दख्खन आणि गुजरात अक्षरशः ओस पडले. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी हे सगळं लिहून ठेवतो, आणि तो काही रयतेचा कैवारी नव्हता. मेलेल्यांच्या हाडांची भुकटी पिठात मिसळून विकली जात होती, असं तो लिहितो. माणसानं माणूस खाल्ल्याचं लिहितो. पीटर मंडी नावाचा इंग्रज १६३० च्या अखेरीला सुरतेहून आग्ऱ्याला निघाला, त्यानंही वाटेवरच्या प्रेतांचं वर्णन केलंय. बादशहा तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. त्यानं लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम काढला. वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले, अशी नोंद आहे. गुणाकार मी करून पाहिला, बरोबर येतो. (हशा) पण बादशहा बुऱ्हाणपुरात आला होता कशाला? दख्खनच्या स्वारीला. फौज म्हणजे हजारो माणसं, घोडे, हत्ती, बैल. ती खाणार काय? जे शेतात आणि पेवात उरलंय तेच. तेव्हा त्या एका लाखाच्या जमेसमोर खर्चाची बाजूही मांडायला पाहिजे, ती दरबारी इतिहासकार मांडत नाही.

इकडे याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळलं, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. देहूच्या व्यापाऱ्याला पुण्याची पेठ म्हणजे हाकेच्या अंतरावरची. ती गेली. म्हणजे आभाळ गेलं, पेठ गेली, राज्यही कुणाचं ते ठरेना.

दुष्काळात सावकार बुडतो कसा, हे जरा माझ्या खात्याच्या भाषेत सांगतो. खरं तर दुष्काळ हा सावकाराचा सुगीचा काळ. धान्य दाबून ठेवायचं, दहाच्या भावाचं पन्नासला विकायचं, जमिनी गहाण घ्यायच्या. अशा काळात ज्याचं दिवाळं निघतं त्याची कारणं दोनच. एक तर त्याची कुळं मेली. नाही तर त्याला तगादा लावता आला नाही. तुकोबांच्या बाबतीत दोन्ही झालं असावं. गुरं गेली, पत गेली, चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पहिली बायको रखुमाबाई, दम्याची दुखणेकरी, अन्न अन्न करत गेली. मुलगा संतू गेला.

त्याच काळात, १६३१ च्या जूनमध्ये, बुऱ्हाणपुरात मुमताज महल गेली. तिच्या नवऱ्यानं ताजमहाल बांधला. देहूच्या या माणसानं बायको गेल्यावर घरच्या विठोबाचं पडकं देऊळ दुरुस्त केलं. हे वाक्य टाळ्यांसाठी चांगलं आहे, म्हणून मी ते घाईनं म्हणून टाकलं. (टाळ्या) बघा.

आता मुद्द्याचं. गाथेत तुकोबांचे दोन अभंग आहेत, तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असतील, तेव्हा म्हणून दाखवत नाही. एकात ते संतांनी विचारलं म्हणून आपली हकीकत सांगतात. जात कोणती, धंदा काय केला, आईवडील कसे गेले, दुष्काळानं पैसा आणि मान दोन्ही कसे खाल्ले, बायको कशी मेली, मग लाज वाटली, धंद्यात तोटा दिसला, देऊळ मोडलं होतं ते करावंसं वाटलं. एका ओळीत एक बाब. दुसऱ्या अभंगात मात्र याच गोष्टींची यादी ते देवापुढं ठेवतात आणि प्रत्येक बाबीवर शेरा मारतात, की हे झालं ते बरंच झालं. दिवाळं निघालं, बरं झालं. दुष्काळानं पिडलं, बरं झालं. लोकांत अपमान झाला, बरं झालं.

प्रवचनांत आपण हा दुसरा अभंग ऐकतो. पहिला फारसा कानावर येत नाही. तपासनीस म्हणून माझं म्हणणं असं, की पहिल्याशिवाय दुसरा मंजूर करता येत नाही. आधी तोट्याची नोंद, पूर्ण, काही न झाकता. बायको भुकेनं मेली हे त्यांनी ‘देवाघरी गेली’ असं गुळमुळीत लिहिलेलं नाही, भुकेनं मेली असं लिहिलंय. मग शेरा. तोटा लपवून जो ‘बरं झालं’ म्हणतो त्याचा ताळेबंद खोटा असतो. असले ताळेबंद मी पुष्कळ पाहिलेत, नफ्यातल्या संस्थांचे. (हशा) आमच्या घरी सूनबाई रोज रात्री मोबाइलवर कृतज्ञतेची डायरी लिहितात, आजच्या तीन चांगल्या गोष्टी. चांगलं आहे. मी विचारलं, वाईट कुठं लिहितेस? म्हणाल्या, त्याचा रकाना नाहीये, बाबा. (हशा) त्या आज इथं आल्या आहेत, तेव्हा हा भाग इथंच थांबवतो.

आता वहीकडे येतो. चरित्रकार सांगतात, भंडाऱ्या-भामचंद्राच्या डोंगरावरून तुकोबा परत आले, मन ठरलं, आणि त्यांनी कुळांची सगळी खतं इंद्रायणीत सोडायला काढली. तेव्हा कान्होबा मध्ये आले. धाकट्या भावाचं म्हणणं असं, की दादा, तुझं ठीक आहे, तू साधू झालास. मला पोरंबाळं आहेत. तेव्हा काय झालं? तुकोबांनी त्याला वैराग्याचा उपदेश केला? ‘कान्होबा, देवावर भरवसा ठेव’ असं म्हणाले? नाही. वाटणी झाली. निम्मी खतं कान्होबाची, निम्मी आपली. आपली निम्मी नदीत.

श्रोतेहो, ही निम्मी मला फार मोठी वाटते. सगळी खतं बुडवली असती तर गोष्ट अधिक भव्य झाली असती; सिनेमाला, कीर्तनाला बरी पडली असती. पण मग ते भावाच्या पैशानं मानलेले आभार झाले असते. देवाशी आपला हिशेब आपल्या हिश्शापुरता. दुसऱ्याच्या खात्यावर सही करायचा अधिकार भक्तालाही नाही.

आणि बघा, इंद्रायणीत तुकोबांचे कागद दोनदा गेले. एकदा ही खतं आणि नंतर अभंगांच्या वह्या. वह्या तेराव्या दिवशी वर आल्या असं आपण मानतो. खतं आली नाहीत. (टाळ्या) नदीलाही हिशेब कळत होता.

इथं मला किल्लारीची एक गोष्ट सांगायचीय. टिपणात मी तिला दोन मिनिटं दिलीत, पण ती दोन मिनिटांत होत नाही हा अनुभव आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं झोपलेली. पहाटे चारच्या आत जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादचा तो भाग, किल्लारी, सास्तूर. घरं काळ्या दगडाची, हात-दीड हात जाडीच्या भिंती, दगड मातीत बसवलेले, वर माळवद, त्यावर दर वर्षी नव्या मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारं घर. तेच अंगावर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बँकेनं आम्हा काही जणांना तिकडं पाठवलं. काम काय, तर यादी करायची. कर्जदार हयात की मयत, जामीनदार हयात की मयत, तारण शिल्लक आहे का. मी रकाने आखून घेतले होते. दुपारपर्यंत मयतचा रकाना भरला, खाली जागा उरली नाही, मग समासात लिहायला लागलो. गावातल्या शाळेच्या मास्तरांनी नावं सांगायची आणि मी लिहायची. एका आडनावाशी ते थांबले, मी वर पाहिलं, तर ते त्यांचंच घर होतं. म्हणाले, लिहा, क्रमानं येऊ द्या.

पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी बाहेरून आलेले एक महाराज लोकांना धीर देत होते. हेतू चांगला होता, चिवडा आणि ब्लँकेटं घेऊन आले होते, त्यांची मी टिंगल करणार नाही. ते म्हणाले, ‘जे गेलं त्याचा शोक करू नका. तुम्ही वाचलात, यातच देवाची कृपा. चला, सगळ्यांनी हात जोडा, त्याचे आभार मानू.’ बऱ्याच जणांनी जोडले. एक गडी होता चाळिशीचा, त्यानं जोडले नाहीत. महाराज त्याच्याजवळ गेले. तो म्हणाला, ‘महाराज, तुमचं तुमी म्हना. माजं मी म्हनीन, जवा म्हनावं वाटंल तवा.’ आवाज चढवला नाही. बिडी पेटवली.

पुढं काही महिन्यांनी तो शाखेत आला. हातात एक लांबडी वही, कडेला पाणी लागून फुगलेली. म्हणाला, साहेब, यात लिहून द्या, मला लिहाय येत न्हाई. वहीत शेजाऱ्याच्या नावे हातउसने दिलेले पैसे होते, दुसऱ्या कुणी लिहून दिलेले. शेजारी घरासकट गेला होता. मी म्हटलं, अहो, माणूसच राहिला नाही, आता काय लिहायचं? तर म्हणाला, ‘त्येचं पोरगं पुन्याला कामाला हुतं, म्हनून ऱ्हायलं. उद्या मी न्हाई आन् माज्या भावकीनं ही वही काढली तर? फिटलं म्हून लिवा.’ मी लिहिलं. तारीख घातली. त्यानं अंगठा उठवला, आणि साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. बँकेच्या नियमात हे बसत नव्हतं, पण मी केली.

आता तुम्ही म्हणाल, त्या दिवशी तुम्हाला तुकोबा कळले. छे. तोवर मी तुकोबा वाचलेलेच नव्हते, मला तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आल्याची काळजी होती. त्यानं देवाचे आभार मानले की नाही तेही मी विचारलं नाही. वही मात्र मी पाहिली.

(चिठ्ठी आली.) अध्यक्षांची चिठ्ठी आहे. ‘दहा मिनिटं.’ सव्वासात झाले का? मग आता पळतो.

तक्रारीचं काय, हा प्रश्न राहतो. तुकोबा तक्रार करत नव्हते, असं जो म्हणतो त्यानं गाथा उघडलेली नाही. साडेचार हजारांवर अभंगांत विठोबाशी केलेली भांडणं केवढी आहेत! त्याला कंजूष म्हणतात, चोर म्हणतात, वाडवडलांपासूनचं आमचं येणं आहे ते टाक म्हणतात. एका ठिकाणी तर त्याला सरळ मेल्यात जमा करून मोकळे होतात. मग हा आभार मानणारा तुकोबा आणि हा भांडणारा तुकोबा, खरा कोणता? मला विचाराल तर दोघं एकच. आम्ही वसुलीला कुणाकडे जातो? ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे. ज्याची पत संपली त्याच्या दारात कुणी तगादा लावत नाही, त्याची फाइल बुडीत खात्यात टाकतात. तुकोबा रात्रंदिवस विठोबाच्या दारात बसून तगादा लावतात, म्हणजे त्यांच्या लेखी त्याची पत केवढी! भरवसा म्हणजे गप्प बसणं, हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. मात्र गाऱ्हाणं योग्य टेबलावर नेलंय. सगळं येणं विठोबाकडे काढलं आणि कुळांकडचं सोडून दिलं. आपण उलट करतो. देवाला म्हणतो, ‘तुझी इच्छा’, आणि भाडेकरूला नोटीस पाठवतो. (हशा)

पण इथं एक धोका आहे, तो सांगितल्याशिवाय उतरणार नाही. माणसानं माणसाला बुडवलं असेल तर? तिथंही देवाचे आभार?

वर्ष १८७५. हे वर्ष व्याख्यानमालावाल्यांना माहीत असतं, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल. त्याच साली १२ मे रोजी, त्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जाचे कागद काढून जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. कापसाचे भाव, सारावाढ, ही कारणं तुम्ही शाळेत वाचलीत, सोडून देतो. मला लक्षात राहतं ते हे, की जमावाला जीव घ्यायचे नव्हते, कागद हवे होते. सावकारानं खतं मुकाट्यानं दिली तर पुष्कळ ठिकाणी त्याला हातही लावला नाही. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात खताच्या मागं जाऊन खरं देणं किती ते बघायची मुभा न्यायाधीशाला मिळाली.

म्हणजे बघा, एका सावकारानं आपल्या हातानं खतं पाण्यात सोडली, आणि सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी, त्याच मुलखात, त्याच विठोबाच्या वारकऱ्यांना ती हिसकावून आगीत टाकावी लागली. मधल्या काळात देहूहून पालख्या निघत होत्या, अभंग म्हटले जात होते, सावकारही म्हणत असणार. खतं कुणी सोडली नाहीत. आता सुप्याच्या त्या शेतकऱ्याला जाऊन कुणी म्हणालं असतं, ‘बाबा, तक्रार करू नकोस, तुकोबांसारखं बरं झालं म्हण,’ तर त्यानं काय केलं असतं? आणि जे केलं असतं ते मला चूक म्हणवत नाही. तुकोबा आभार मानत होते ते सावकाराच्या बाजूनं, स्वतःचं येणं सोडून. कुळानं ते मानावेत असं त्यांनी म्हटलेलं नाही. ‘बरं झालं’ हे देणेकऱ्याला ऐकवायचं वाक्यच नव्हे.

(श्रोत्यांतून: ‘आणि जिजाई?’)

अं? कोण, मागून? (पुन्हा: ‘जिजाईचं काय? तिच्या हिश्शाचं?’) (टाळ्या, विशेषतः उजवीकडून)

जिजाईपर्यंत पोचायच्या आत वेळ संपेल अशी माझी आशा होती, ताई. (मोठा हशा) खोटं कशाला बोलू, तिच्यापाशी माझा सिद्धांत लंगडतो. तुकोबांची दुसरी बायको, पुण्याच्या गुळव्यांची मुलगी, खात्यापित्या सावकाराच्या घरातली. कथा अशी आहे, की धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून तिनं स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला दिले. त्याचे त्यांनी अडीचशे केले. पन्नास रुपये नफा! मी बँकवाला, मला गहिवरून आलं. (हशा) आणि परतीच्या वाटेवर एक कर्जबाजारी ब्राह्मण भेटला, त्याला ते सगळे देऊन मोकळे झाले.

आता कान्होबाच्या वेळी वाटणी करणारा हाच माणूस. इथं खत कुणाचं? जिजाईचं. तगादा कुणाच्या दारात? जिजाईच्या. हे आभार दुसऱ्याच्या खात्यावरून गेले, ते मी तपासणीत पास करणार नाही, समोर तुकोबा असले तरी. (टाळ्या) कथा चरित्रकार महिपतींच्या काळापर्यंत तोंडोतोंडी वाढलेली आहे हे खरं, पण म्हणून सोयीची तेवढी मान्य आणि अडचणीची ती दंतकथा, असं मी करणार नाही. आणि भावाला उपदेश केला नाही असं मी मघाशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, पण बायकोला केलाय. गाथेत जिजाईला उद्देशून अभंगांचा एक गटच आहे, संसाराचा पाश सोड म्हणून समजावणारा. शिवाय ‘बरं झालं’च्या त्या यादीत दुष्काळ आणि दिवाळ्याच्या शेजारी ‘बायको कर्कश मिळाली’ हीही बाब आहे. हा अभंग घरी म्हणून बघा आणि काय होतं ते मला कळवा. (प्रचंड हशा)

नाही, पण थांबा. ‘प्रभात’च्या चित्रपटात गौरीबाईंनी जिजाई केली. त्यात ती पोराला ओढत देवळात नेते आणि विठोबावर वहाण उगारते. लोक हसतात, मीही हसत होतो. पण ती गाऱ्हाणं नेते कुठं? शेजारणीकडे नाही, माहेरी नाही. थेट विटेवरच्याकडे. नवरा जे साडेचार हजार अभंगांत करतो ते ती एका वहाणेत करते. (हशा, टाळ्या) आणि हाच ‘काळ्या’ आपलं घर बुडवतो असं म्हणत ती रोज भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढते. तिनं आभार मानलेत असं कुठल्या कथेत नाही. पण भाकरी थांबलेली नाही. आता या बाईला तुम्ही तक्रारखोर म्हणून नापास करणार? मी तिची वही उघडून बसलोय आणि मला जमेच्या बाजूला जागा अपुरी पडतेय. मघाशी मी म्हणत होतो, आभार वहीत दिसले पाहिजेत. इथं वहीत दिसतायत आणि तोंडात एकदाही नाहीत. याचं काय करायचं हे माझ्या नियमात लिहिलेलं नाही...

(दुसरी चिठ्ठी.) ‘समारोप.’ वॉचमननं मागचे दिवेही मालवायला घेतलेत, म्हणजे हा अंतिम इशारा दिसतो. (हशा) माझी शेवटची तीन पानं राहिली, त्यात वह्या बुडवायला लावणारे रामेश्वरभट्ट होते, २००८ ची कर्जमाफी होती. ती वाचायची राहिली याबद्दल तुमच्यापैकी कुणीतरी नक्कीच देवाचे आभार मानत असेल. (हशा) बाहेर चहा आहे. जिजाईचा प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी मला तिथं भेटल्याशिवाय जाऊ नये. त्या दोनशे रुपयांवर त्यांच्याकडे अजून काही बोलणं शिल्लक दिसतंय, आणि मला ते ऐकायचंय.